खंडेनवमीचा अँटलायन

बाळांनो, पिस्कॅटवेचं घर आता सोडायचं आहे, आणि माझ्या कपाटातली एक चपटी लाकडी डबी तुमच्याकडे यायची आहे. तिच्यात मेलेला किडा आहे. उघडताच टाकून द्याल, म्हणून हे आधी लिहिते.

ऐंशीच्या दशकात ह्या अमेरिकन गावात असा एकही मराठी माणूस नव्हता, ज्याला समोरच्या घरातल्या काकांनी हा किडा दाखवला नव्हता. काका निवृत्त इंजिनिअर, विधुर; माझे ते भावजी. त्यांच्याकडे आधी भिंग हातात यायचं, मग चहा. एका दातांच्या डॉक्टरांनी घाईत "चतुर दिसतोय" म्हटलं, तर त्यांचा कप आत परत गेला. तुमची आई तेव्हा सात वर्षांची. ती म्हणाली, "काका, इट्स डेड." "मेला म्हणून ओळख नको का, बाई?" असं म्हणून त्यांनी भिंग तिच्या डोळ्याला लावलं.

किडा पकडला होता त्यांच्या पत्नीने, पूर्वी जर्मनीत असताना, अंगणातल्या दिव्याखाली. हा अँटलायन, लहानपणी वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी मुंगीची वाट पाहतो, मोठेपणी त्याला पंख फुटतात. ती म्हणाली, चतुराच्या मिशा केसासारख्या बारीक असतात, ह्याच्या टोकाला जाड आहेत. भावजी हसले आणि पेपर वाचू लागले. ती गेल्यावर सामानात डबी सापडली. आत चिठ्ठी: "चतुर नव्हे. मिशा पाहा. पंखांवर ठिपके." मग त्यांनी जर्मन पुस्तक मागवलं. तिथल्या एका जातीचे पंख कोरे असतात, दुसरीच्या पंखांवर तपकिरी ठिपके. तिचं म्हणणं खरं ठरवायचं, एवढंच आता त्यांना उरलं होतं. युनिव्हर्सिटीतल्या कीटकांच्या जाणकार बाईंनी दसऱ्याच्या दिवशी बोलावलं होतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे पूजेला तुमच्या आजोबांचा टाइपरायटर, माझी शिवणकामाची कात्री, भावजींचं भिंग. आणि त्यांनी डबीही उघडून ठेवली. मी शिस्तीची बाई. डोळे मिटून स्तोत्र म्हणत, ओल्या बोटाने ओळीने सगळ्यांना कुंकू लावत गेले. एकही वस्तू सोडली नाही.

डोळे उघडले तेव्हा किड्याच्या पंखांवरचे ठिपके लाल झाले होते.

भावजी बारीक कुंचल्याने संध्याकाळपर्यंत पुसत बसले. डावा पुढचा पंख मोडून पडला. मी रडले, तर मलाच म्हणाले, "वहिनी, उजवा आहे ना अजून."

दुसऱ्या दिवशी परतले ते थेट आमच्या स्वयंपाकघरात. बाईंनी मिशा पाहिल्या, उजव्या पंखावरचे तपकिरी ठिपके पाहिले, ठिपकेवालीच जात म्हणाल्या. पुसूनही उरलेल्या एका लाल ठिपक्याबद्दल विचारलं तेव्हा भावजींनी तो देवाचा असल्याचं सांगितलं होतं. मी चहा ठेवला. ते उभेच होते.

"हिचंच बरोबर होतं, वहिनी. मी हसलो होतो."

मग खिशातलं पेन काढून त्यांनी तिच्या चिठ्ठीखाली एक ओळ लिहिली: "लाल ठिपका किड्याचा नव्हे, पूजेचा."

भावजी जाऊन बरीच वर्षं झाली. डबीत तीन पंख, दोन मिशा आणि दोघांच्या अक्षरातली ती चिठ्ठी आहे.