काका, तांडेल आणि तापलेलं मशीन

देवानं माणसाला दोन डोळे दिले ते एकानं झोपावं आणि एकानं पहारा करावा म्हणून, असं ठाम मानणारा माणूस अख्ख्या जगात एकच आहे, आणि नेमका तो माझ्या मावशीचा नवरा आहे. आमच्या या केळव्याच्या काकांनी दूधवाल्यापासून जावयापर्यंत कुणालाही सोडलेलं नाही. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे समुद्रावर आले की काका वाडीतल्या शहाळ्यांवर खडूनं खुणा करून ठेवतात. लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं पहिला घास घेतल्यावर थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघतात, मग जेवतात. एकदा मी सहज वाकून नमस्कार केला, तर आत जाऊन मावशीला म्हणाले, "याला कायतरी पायजे हाय."

या माणसाचा सगळा जीव एका मशीनमध्ये. खाडीत गळ टाकायला त्यांनी एक छोटी होडी घेतली आहे, तिच्या मागे अडकवायचं हे पेट्रोलचं मशीन. होडी बिचारी किनाऱ्यावर पडून असते. मशीन मात्र दर खेपेला सोडवून खांद्यावरून घरी येतं आणि मावशीच्या जुन्या गोधडीखाली पलंगाशेजारी झोपतं. पेट्रोल काका आधी हुंगतात, मग धोतराच्या फडक्यातून गाळतात. त्या मशीनला हात लावायची मुभा एकाच माणसाला होती. ते म्हणजे तांडेल, मासेमारीच्या मोठ्या होडीचे मालक आणि काकांचे लहानपणापासूनचे दोस्त.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि मशीन तापायला लागलं. चालू मशीनच्या बाजूनं पाण्याची बारीक धार पडत असते. ती पडतेय तोवर आत सगळं थंड आहे असं समजायचं. काकांची धार थेंबाथेंबावर आली. पाण्याचा पंप तांडेलांनीच नारळी पौर्णिमेला बदलून दिलेला. झालं! नवा म्हणून जुनाच बसवला, असं काकांनी ठरवून टाकलं आणि बोलणं बंद. संध्याकाळची दोघांची किनाऱ्यावरची बैठक मोडली. "हे आता माडांशी बोलाय लागले रे," म्हणत मावशीनं मला बोलावून घेतलं. मी बोईसरच्या कारखान्यात कँटीन सांभाळतो, पण तिच्या लेखी कारखान्यातला माणूस म्हणजे मशीनवाला.

मी आल्या आल्या काकांना वाकून नमस्कार केला आणि आम्ही दोघं होडी घेऊन खाडीत गेलो. मध्यावर धार बंद झाली आणि जळका वास सुटला. काकांनी मशीन बंद केलं, माझ्याकडे रोखून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तू मघाशी वाकला व्हता कशाला?" ओहोटी आम्हाला बाहेर समुद्राकडे ओढत होती आणि हे माझी चौकशी करत बसलेले! शेवटी लांबून तांडेलांचीच होडी आली. त्यांनी दोर फेकला. काकांनी तोही ओढून ओढून तपासला.

किनाऱ्याला लागताच काकांनी चार माणसं गोळा केली, मावशीलाही बोलावलं. तांडेलांची लबाडी आज सगळ्यांसमोर बाहेर काढायची होती. मावशीच्या केसांतला आकडा घेऊन ते मशीनची खालची, पाणी ओढणारी जाळी कोरायला बसले. आधी दोरा आला. मग दोऱ्याला चिकटलेल्या, काळ्या पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या आल्या. दसऱ्याच्या पूजेचा हार मावशीनंच ओवला होता, तिनं आपली गाठ ओळखली. वर बांधला तर लोकांची नजर लागेल म्हणून काकांनी तो खाली, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याजवळ लपवून गुंडाळला होता, आणि मशीन तसंच पाण्यात सोडलं होतं.

तांडेल एवढंच म्हणाले, "आता पूजा पन मीच केली म्हन."

सगळे हसले, काका सोडून. माफी-बिफी त्यांनी मागितली नाही. पण त्या संध्याकाळी मशीन खांद्यावर घेऊन तांडेलांच्या घरी गेले आणि आमच्याकडे चोरांची फार भीती, असं सांगून तिथंच ठेवून आले. या माणसावर पुन्हा संशय घ्यायचा नाही, असं त्यांनी देवासमोर कबूल केल्याचं मला मावशीनं सांगितलं.

या पावसाळ्यात तांडेल गेले. बरेच दिवस छातीत दुखत होतं म्हणे, पण कुणाला कळू दिलं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा मशीन परत पलंगाशेजारी होतं आणि काका गोधडीवर हात ठेवून बसले होते. मला फार वाईट वाटलं.

"पित्त झालंय म्हनाला, आनि मी खरं मानलं," काका म्हणाले. "जल्मभर सगळ्यांवर संशय घेतला रे मी. तेवढा एकदा नाय घेतला."