बाबांच्या कानावरची रोपं
टोमॅटोचा शेंडा खुडला की बोटांना जो उग्र हिरवा वास लागतो, त्याने मला आमच्या ठाकुर्लीच्या वन रूम किचनमधला एक दसरा आठवतो. बाबांचं हार्टचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून त्या वर्षी आम्ही घट बसवला नव्हता. घरी आल्यापासून बाबा कुणाशी धड बोलत नव्हते. देवासमोरच्या रिकाम्या जागेत खिडकीचं ऊन यायचं, तिथे त्यांनी एका परातीत टोमॅटोचं बी दाट पेरलेलं आणि दिवसभर ते त्या रोपांकडे बघत बसायचे. दसऱ्याला खडवलीहून आत्या आली. देवाला नमस्कार करून तिने सवयीने परातीतली चिमूटभर रोपं उपटली आणि बाबांच्या कानावर खोवली. आई आणि मी जागीच थिजलो. बाबांनी कानाला हात लावला, बोटं हुंगली आणि म्हणाले, "अगं, घटातलं धान नाही ते, टोमॅटो आहे." आत्या ओशाळली, आणि बाबा टाक्यांवर उशी दाबून खो-खो हसत सुटले. आईने डोळ्यांना पदर लावला. उपटलेली रोपं बाबांनीच पुन्हा मातीत खोचली, बरीचशी जगलीही. आता माझ्या खिडकीत तसलीच परात आहे, आणि बाबा रोज फोनवर विचारतात, "कानाला लावण्याएवढी झाली का गं?"