बायकांच्या वेळेचं पाणी

"हात घालू नको त्यात. काठीला बाटली बांध अन् मंग घे पाणी."

मालकीणबाई हे सगळ्या बायकांसमोर बोलल्या. मी तलावाच्या काठावर पालथी पडले होते, हात कोपरापर्यंत पाण्यात. तपासणीचं पाणी तसंच घ्यावं लागतं, वरवरचं चालत नाही. मी हात बाहेर काढला. खुर्च्यांवर बसलेल्या बायका आपापली नखं बघायला लागल्या.

गेवराईजवळ हायवेला ते नवीन हॉटेल झालं होतं. घराघरांवर डिशच्या छत्र्या उगवायला लागल्या होत्या, आणि टीव्हीत दिसतो तसा पोहायचा निळा तलाव मालकांनी हॉटेलामागं बांधला. दुपारी बायकांची वेळ. तेव्हा गड्यांना आत बंदी. म्हणून औरंगाबादहून आलेल्या माणसानं पाणी राखायचं काम मला शिकवलं. एका औषधाचे थेंब टाकले की बाटलीतलं पाणी पिवळं व्हायचं. पिवळा फिका पडला की क्लोरीन कमी. दुसऱ्या थेंबांनी लाल रंग जास्त चढला की तलावात तेजाब सोडायचं, थोडं थोडं, तोंड फिरवून. माझ्या बोटांची सालं निघायची. साड्यांना विटके डाग पडले होते.

पाणी मी राखायची. उतरायची मालकांची सून.

ती माझ्याच वयाची. पुण्याची. तिचा मला हेवा वाटायचा. तिच्या ओल्या केसांचा. जाड टॉवेलचा. पाण्यात पाय सोडून काहीही न करता बसण्याचा. आणि तिला पोहताही येत नव्हतं. माझं आजोळ गोदाकाठचं. मी परकरात होते तेव्हा धार कापून पलीकडं जायची. पण तलाव तिचा.

आई म्हणायची, "दुसऱ्याच्या ताटात बघू न्हाई."

मी बघायची. रोज.

एका दुपारी मालकीणबाई बीडला लग्नाला गेल्या होत्या. तलावावर आम्ही दोघीच. सून म्हणाली, "तुला पोहता येतं ना? आत ये ना. मला खोल भागाची भीती वाटते. धर मला."

"मालकीणबाईंना चालंल?"

"मी सांगेन त्यांना."

मी काष्टा मारला आणि उतरले. इतके दिवस ज्याचा नुसता रंग बघितला ते पाणी अंगाला लागलं. मी तिच्या पाठीखाली हात धरले. ती घाबरून माझ्या गळ्यात पडायची, मग हसायची. शेवटी मी हात काढले आणि ती तरंगली. "मी तरंगतेय," म्हणाली. तेवढा वेळ मला तिचा हेवा वाटला नाही.

फाटक वाजलं. मालकीणबाई लवकर परतल्या होत्या.

सून शिडी चढली. टॉवेल गुंडाळला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी नकोच म्हणत होते. तीच उतरली."

मी पाण्यात उभी. तिला खोटं बोलून सुटता येत होतं. मला खरं काय ते कुणी विचारलंही नाही. त्या सुटण्याचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा टॉवेलचा कधी वाटला नव्हता.

मालकीणबाईंचा आवाज चढला नाही. "भाईर ये. सगळं पाणी सोडून दे अन् तलाव घासून काढ. तुमच्यातलं माणूस उतरल्यावर आमच्या लेकीसुना त्यात उतरतील का?"

उन्हाळा होता. आमच्या वस्तीत टँकर आला तर आला. आणि एवढं पाणी मी माझ्याच हातानं गटारात सोडायचं. का, तर त्याला मी लागले.

"न्हाई सोडणार."

"काय म्हन्लीस?"

"पाणी साफ हाय. मी सोडणार न्हाई. तुमाला सोडायचं तर तुमी सोडा."

मग मी बुडी मारली. खोल भागापर्यंत गेले, परत आले. सावकाश. शिडी चढून त्यांच्या अंगावरून निथळत फाटकाबाहेर पडले. हायवेवर ट्रकवाले बघत होते. बघू दे.

घरी आई रडली. "पाया पड त्यांच्या. काम जाईल." नाही पडले.

काही दिवसांनी हॉटेलचा मुनीम दारात आला. बायकांच्या वेळेला तेजाब हाताळायला दुसरी बाई मिळत नव्हती.

"चल. मालकीणबाई झालं गेलं इसरल्या म्हंत्यात. फकस्त पाण्यात उतरू नको."

"त्या इसरल्या आसतील. मी न्हाई. मी बी बाईच हाय. काम झालं की पोहणार. त्यांच्यासंगं, त्याच शिडीवरून. कबूल आसंल तर येते."

"आसं कसं व्हईल, बाई?"

"मंग तेजाबाचा डबा सुनंच्या हातात द्या."

तो गेला. बोलावणं आलं नाही. पुढच्या हंगामात मी ऊसतोडीला गेले.

मला अजून हेवा वाटतो. चार बायका निवांत बसलेल्या दिसल्या की पोटात पेटतं. लोक म्हणतात, मन मोठं कर. मी करणार नाही. जे माझंही आहे आणि मला दिलेलं नाही, ते बघून मी जळणार. आणि ते मागेन तेव्हा मान खाली घालून मागणार नाही.