फ्यूजच्या जागी चांदी

गाडी मीच काढली होती, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवणाराही मीच होतो. दोष दादांच्या माथी गेला, आणि मी तो जाऊ दिला.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळे मला शिकवलं ते दादांनीच. ते लष्कराच्या सिग्नल्समध्ये हवालदार होते. लढाईत गोळीबाराखाली टेलिफोनच्या तारा ओढल्या, आणि पुढं पेन्शन घेऊन गावी आले. आमचं गाव कुंडलपासून जवळ. त्या काळात विहिरींवर विजेच्या मोटारी नव्यानं बसत होत्या, पण एखादी बिघडली की माणूस तासगावहून आणावा लागे. ते काम आपण करायचं, तासगावात स्वतःचं दुकान टाकायचं, एवढी एकच गोष्ट दादांच्या मनात होती. मी तेव्हा शाळेत नुकताच मास्तर झालो होतो.

तासगावात पंप आणि इंजिनं विकणारे एक जैन शेट होते. दुकानाच्या शेजारची खोली त्यांना दुरुस्ती करणाऱ्या चांगल्या माणसाला द्यायची होती. ते दादांना म्हणाले, "हवालदार, आधी आमच्या फटफटीचं दुखणं काढा. मग खोलीचं बोलू."

शेटच्या मोटारसायकलला कुणीतरी वरून एक जादा दिवा आणि मोठा हॉर्न बसवून दिला होता. गाडी सुरू व्हायची, तिचा मूळचा दिवाही लागायचा, पण ही दोन वरची लेणी मनाला येईल तेव्हा बंद पडायची. फ्यूज बदलला की चार दिवस चालायची, पुन्हा तेच.

दादांनी गाडी आमच्या अंगणात आणली. दिव्याला त्यांनी हातही लावला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दिवा मेला म्हणून दिव्याचं तोंड कशाला बघायचं रं? बॅटरीपासनं चालत यायचं. वीज कुठवर येती ते बघायचं." एका छोट्या बल्बला दोन तारा जोडलेल्या होत्या. त्यातली एक गाडीच्या लोखंडाला लावून दुसरी ते एकेका जोडावर टेकवत गेले. बॅटरीपाशी बल्ब लख्ख पेटला, बटनापर्यंत येईतो तांबूस झाला. आधीच्या माणसानं मूळ दिव्याच्या बारीक तारेतूनच दोघांना वीज दिली होती आणि जोड नुसते पिळून काळी पट्टी गुंडाळली होती. दादांनी ते सगळं उपसून टाकलं. बॅटरीपासून वेगळी जाड तार घेतली, तिच्या तोंडाशी वेगळा फ्यूज ठेवला आणि तार टाकीखालून हँडलपर्यंत नेली. हँडल जिथं वळतं तिथं तार चिमटू नये म्हणून एक पत्र्याची पकड बसवायची तेवढी राहिली.

ती राहिली, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि दसऱ्याला पूजा उठेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. दादांनी पक्कड, पाने, तो बल्ब आणि सुटे फ्यूज ठेवलेला पत्र्याचा डबा, सगळं विळ्याखुरप्यांच्या शेजारी मांडलं. मला म्हणाले, "पकड बसवायची हाय. तवर गाडीला हात लावू नगं."

नवमीच्या संध्याकाळी घरची सगळी देवीला गेली आणि मी गाडी काढली. कुंडलला माझे दोस्त होते, त्यांना तो जादा दिवा दाखवायचा होता, दुसरं काही कारण नव्हतं. परतताना गावात शिरायच्या आखूड वळणावर हँडल पुरतं डावीकडं वळवलं आणि दिवा गेला, हॉर्नही गेला. घरी येऊन फ्यूज बघितला, काच आतून काळी झाली होती.

दुसरा फ्यूज हाताशी होता, पण पूजेत. डबा उचलला असता तर वरचं फूल हललं असतं, आईच्या ते लगेच ध्यानात आलं असतं. शिवाय मांडलेली पूजा मोडायची म्हणजे पाप. तेव्हा खिशातल्या, चोरून ओढायच्या सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली आणि फ्यूजला गुंडाळून बसवली. दिवा लागला. मी गाडी होती तशी लावून ठेवली. फ्यूज का उडाला, हा प्रश्न माझ्या शिकलेल्या डोक्यात आला नाही. पूजेला हात लावायची मला भीती वाटली, आणि त्या भीतीलाच मी आपला चांगुलपणा समजलो.

दसऱ्याला पहाटेच शेटचा माणूस बोलवायला आला. दुकानातल्या पूजेला गाडी दारात हवी होती. दादांनी पाटाला नमस्कार करून घाईनं पकड बसवली. दिवा लागतोय एवढं बघितलं आणि गाडी घेऊन निघाले. मागच्या सीटवर मी होतो. वाटेत सांगता आलं असतं.

दुकानापुढं बरीच माणसं जमली होती. गाडीला झेंडूचा हार घातला, शेट म्हणाले, "हवालदार, दिवा दाखवा की." दादांनी बटन दाबलं आणि गाडी रांगेत लावायला हँडल डावीकडं वळवलं. टाकीखालून धूर निघाला. आदल्या संध्याकाळी त्या वळणावर तारेचं कातडं सोललं होतं, ती लोखंडाला चिकटली. फ्यूज असता तर तिथंच उडाला असता आणि काही झालं नसतं. चांदी उडाली नाही. दादांनी नुसत्या हातानं बॅटरीची तार ओढून काढली, त्यांची बोटं भाजली, हार जळाला.

शेटकडं पंप बसवायला असलेल्या फिटरनं फ्यूज उघडला आणि चांदी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. "आवं हवालदार, पलटणीत असंच चालायचं व्हय? तरी म्हनलं लढाई इतक्या लवकर कशी सपली." माणसं हसली. शेट हसले नाहीत. सणाचा दिवस आहे, जाऊ द्या, असं म्हणून आत गेले. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या संध्याकाळी मी दादांना आपट्याची पानं दिली, पाया पडलो. उठत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "गाडी तू काढली व्हतीस का?"

मी म्हणालो, "न्हाई."

त्यांनी आपल्या भाजलेल्या बोटांकडं बघितलं. मग म्हणाले, "मग चांदी मीच घातली असंल. ध्यानात न्हाई."

दुकान हातचं गेलं ते एकवेळ विसरता आलं असतं. पण माझ्या त्या एका शब्दानं त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला. बटन बंद केलं तरी ते पुन्हा जाऊन बघायचे. कुणाच्या विहिरीवर मोटर जोडली की अर्ध्या वाटेतून परत फिरायचे. लोक बोलवायचे बंद झाले. लढाईनं हवालदाराचं डोकं हललंय, असं गाव म्हणू लागलं, पुढं घरही म्हणू लागलं. वहिनींनी त्यांना सांगलीच्या डॉक्टरकडं नेलं तेव्हा सोबत मीच गेलो. डॉक्टरांना विसरण्याची लक्षणं मी शुद्ध मराठीत सांगितली. शेवटी ते कराडकडच्या एका साखर कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाले.

काही वर्षांनी मीही मोटारसायकल घेतली. एकदा दुपारी त्यांना भेटायला फाटकावर गेलो. वाटेत हॉर्न बंद पडला होता. खाकी गणवेशात ते स्टुलावर बसले होते. मी सहज म्हणालो, दादा, जरा बघता का.

त्यांनी हात मागे घेतले. "नगं गड्या. माझ्या हातचं काय खरं न्हाई. तुझी गाडी जळंल. कराडात दाखव कुनाला तरी."

हे ते चिडून बोलले नाहीत. माझ्या गाडीच्या काळजीनं बोलले, आणि तेच मला सहन झालं नाही. उसाचे ट्रॅक्टर फाटकातून आत येत होते. त्यांना एकेकाला हात दाखवायला ते उठले आणि पुन्हा येऊन बसले. मी त्यांच्या पायाशी बसलो.

"दादा, तुमी काय विसरला न्हाई. तुमचं डोकं तवाबी चांगलं व्हतं, आताबी हाय. शेटची गाडी मी काढली व्हती. चांदी मी घातली. तुमी ईचारलं तवा तुमच्या तोंडावर खोटं बोललो, आन एवढी वर्सं तुमाला येडं ठरू दिलं. माझं चुकलं, दादा. मला माफ करा."