न वाचता केलेली सही

वाचनालयाच्या अध्यक्षांनी आम्हा वाचकांना फसवलं, आणि आमच्याच सह्या घेऊन फसवलं.

मी बैलांचा व्यापारी. शिरूर तालुक्यातलं आमचं गाव, शिरूरचे आणि दौंडकडचे बाजार करत स्वतःच्या जिवावर उभा राहिलो. आमच्या सौद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरायची आणि आकडा ठरवायचा. समोरच्यानं कमी बोटं धरली की माझा हात ताठ व्हायचा, पाठोपाठ तोंड सुटायचं. त्या रागापायी नव्वदच्या दशकात मी चांगली गिऱ्हाइकं घालवली.

गावचं वाचनालय मामा सांभाळायचे; सगळे वाचक त्यांना मामाच म्हणायचे. पोस्टातून निवृत्त झालेले, पगार काही नाही. एकदा बाजारात भांडून मी तिथं पेपर चाळत बसलो होतो. त्यांनी मनावरचं एक पातळ पुस्तक पुढं सरकवलं.

"मला काय करायचंय ह्याचं?"

"बैलाचे दात बघून वय सांगता. आपल्या डोसक्यात काय चाललंय ते कवा बघणार?"

त्यांची अट अशी, रोज दहा पानं वाचायची आणि पुस्तक परत करताना त्यात आपण कुठं सापडलो ते सांगायचं. नाही सांगितलं तर नवं पुस्तक नाही. मी म्हणालो, "पाच पानं करा."

"हितं उपरणं न्हाई. दहा."

माझ्यापुढं न हललेला तो एकच माणूस.

हळूहळू उमगलं. माझा राग भावावर नव्हताच. समोरचा मला अडाणी समजतोय, ही भीती होती. सातवीत शाळा सुटलेल्याला हे दुसरं कोण सांगणार? पुढं हात ताठ व्हायला लागला की आधीच कळायचं. मी बोटं सैल सोडायचो. घरात ताट आपटणं थांबलं. बायको म्हणाली, "त्या मामांना जेवायला बोलवा. बघू तरी कोण हाय हा मानूस."

दोन हजार सालानंतर एका बाजारात, ऐन सौद्यात अध्यक्ष आले. "वाचनालयाच्या दुरुस्तीचा कागद हाय शेठ, सही ठोका." मी उपरण्यातून हात काढला, सही केली, हात परत आत घातला. रोज दहा पानं वाचणाऱ्या मी ते एक पान वाचलं नाही. माझी सही बघून बाकीच्या वाचकांनीही केल्या.

आठ दिवसांत वाचनालयाला कुलूप लागलं. आम्ही सह्या केलेल्या त्या कागदावर लिहिलं होतं की वाचक येत नाहीत, खोली दुसऱ्या कामाला द्यावी. तिथं अध्यक्षांच्या पुतण्याचं मोबाईलचं दुकान निघालं आणि पुस्तकं खताच्या गोदामात गेली.

मी काठी घेऊन अध्यक्षांच्या घराकडं निघालो. मामांनी वाटेत अडवलं.

"पयली सही कुणाची?"

"माझी."

"मंग काठी ठिवा. तुमचा राग निम्मा तुमच्यावरच हाय. तेवढा उतरू द्या, मंग दोघं जाऊ."

ज्या माणसाचं वाचनालय माझ्या सहीनं गेलं, तो मला सावरत होता. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

ग्रामसभेत मी उभा राहून माझी चूक सांगितली. आवाज चढू दिला नाही. अध्यक्ष हसले, "पुस्तकं वाचून बैल इकायचं इसरला काय शेठ?" सभा हसली आणि उठली.

अध्यक्ष, मी माझ्या चुकीचा जाब दिला. आता तुमचा द्या. दुरुस्ती म्हणून खोटं का सांगितलंत? पुस्तकं गोदामातून कधी काढणार? मामांसमोर उभं राहून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगा.