पाहुणा आणि संडासाची किल्ली

तुम्ही जिथं काम करता तिथल्या संडासाची किल्ली कुणाच्या खिशात असते? कधी बघितलंय? मग आडगावच्या भागीबाईंची गोष्ट ऐकाच.

भागीबाई पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं भरतात. घडातला सडका मणी कात्रीनं असा उडवतात की शेजारच्या मण्याला पत्ता लागत नाही. दिवाळीनंतर त्यांच्या मोठ्या आतड्याच्या टोकाला गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली, आतडं जोडलं, आणि जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून ठेवलं. त्यावर पिशवी. सगळा संडास तिच्यात. काही महिन्यांनी आतडं परत आत जाणार होतं.

बाईंनी पिशवीचं नाव ठेवलं पाहुणा. काम चालू असताना पोटातून गुर्रर्र आवाज आला की बायका कान टवकारायच्या.

"काय नाय गं, पाहुना चहा मागतोय," म्हणून बाई पुढची डबी भरायला घ्यायच्या.

मी दवाखान्यातली नर्स, पिशवी कशी सांभाळायची ते त्यांना मीच शिकवलेलं. मला मात्र एकदा हळूच म्हणाल्या, "ताई, हा कधी जाईल गं? मला एकदा पालथं झोपायचंय. बाकी काय नको."

आतडं परत आत घालायच्या ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं तर किडनीचा आकडा चढलेला. ऑपरेशन पुढं ढकललं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अंगात पाणीच नाही! या पिशवीतून पाणी आणि मीठ दोन्ही जातं. सांगितलेलं ओआरएस पिता ना?"

बाई छताकडे बघायला लागल्या. बाहेर बाकावर मी त्यांना धरलं.

"मावशी, खरं सांगा."

"तोडनीच्या आधी बागेचं पानी कमी करत्यात ना? ताण देत्यात. मीबी दिला. प्यायचंच नाय, मंग पाहुना भरतोय कशाला!"

"अहो, बागेचा मणी गोड होतो. तुमचा बेदाणा झालाय, बेदाणा!"

हसल्या. मग डोळे पुसले. "किल्ली शेखरकडं असती गं. दर येळी सगळ्या लायनीसमोर मागायची. तो इचारतो, आत्ताच गेलतीस ना?"

माझं डोकं सटकलं. दुसऱ्या दिवशी बाईंसोबत कामाच्या बायकांना नेणाऱ्या गाडीत बसून पॅकहाऊस गाठलं. शेखर तिथला सुपरवायझर. इस्त्रीचा शर्ट, किल्ल्यांचा जुडगा कमरेला.

"ताई, उघडं ठेवलं की बायका आत जाऊन गप्पा मारत बसतात," तो म्हणाला.

"त्या वासात? तू बसून दाखव पाच मिनिटं! आणि तू दिवसातून किती वेळा जातोस? सांग की, माईक आणू का?"

बायका फिदीफिदी हसल्या. शेखर लाल झाला, पण जुडग्यावरचा हात काही काढेना. मालकाला विचारावं लागेल, नियम आहे, वगैरे वगैरे. मी आणखी आवाज चढवणार तेवढ्यात भागीबाई कात्री ठेवून उठल्या.

"शेखरभाऊ, माझ्या पोटावर पाहुना हाय. त्याला तुझा नियम ठावं नाय. तुझी गाठ घालून देऊ का?" आणि पदराला हात घातला.

"नको, नको मावशी!" किल्ली बाईंच्या हातात आली. संध्याकाळपर्यंत ती संडासाशेजारच्या खिळ्यावर गेली आणि तिथंच राहिली. बाईंच्या टेबलाखाली ओआरएसची बाटली आली. बाई घोटघोट प्यायच्या, पाहुणा भरायचा, बाई रिकामा करून यायच्या. कुणी काही विचारलं नाही.

आकडा उतरला. आतडं आत गेलं.

जखम भरल्यावर मी आडगावला गेले. भरदुपारी बाई खाटेवर पालथ्या पडलेल्या, गाल उशीत रुतलेला. मला बघूनही उठल्या नाहीत.

"बस ताई. चहा तूच टाक. मी काय आता उठत नसते."

उद्या कामावर गेलात की ती किल्ली कुणाच्या खिशात असेल तिथून काढायला लावा आणि बाहेर खिळ्याला टांगा. कुणी ती दहाव्यांदा घेतली, तरी का म्हणून विचारू नका.