कातड्याचं दुसरं टोक

गेल्या उन्हाळ्यात राहुरी तालुक्यातल्या एका गावाबाहेर एक म्हातारा चुन्याच्या हौदातून म्हशीचं कातडं एकटाच ओढत होता. केस सुटावेत म्हणून ते आठ दिवस चुन्यात होतं. आणखी राहिलं असतं, तर चुन्याने कातडंच खाल्लं असतं. ओलं कातडं उचलायला दोघं लागतात. दुसरं टोक त्याची बायको धरायची. ती पौषात वारली.

"पत्रकारसाहेब, लिवताय काय? धरा की! लेखणीपेक्षा लई जड न्हाई."

मी धरलं. कातडं लाकडावर पसरून त्याने बोथट सुरीने केस खरवडले.

"आता धुऊन हिरड्याच्या पाण्यात घालायचं. मग रोज उलटावं लागतंय," तो म्हणाला. "उद्या येता व्हय?"

मी बघतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी नगरलाच होतो.